रक्तातील आकडा आणि आयुष्याचा हिशेब

घशाच्या कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना जो पहिला प्रश्न विचारतात, तो रोगाच्या कारणांविषयी नसतो आणि उपचारांच्या तपशिलाविषयीही नसतो. ‘किती दिवस?’ हा तो प्रश्न. तो विचारला जातो तेव्हा रुग्ण बहुधा बाहेरच्या बाकावर बसलेला असतो. ऐकणाऱ्याला हा प्रश्न निष्ठुर वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घराची सारी पुंजी दोन एकर कोरडवाहू जमीन आणि एक दुभती म्हैस एवढीच असते, आणि ज्या घरात मुलीचे लग्न ठरून राहिलेले असते, त्या घराला हा प्रश्न टाळता येत नाही. जमीन गहाण टाकावयाची ती माणूस बरा व्हावा म्हणून, की दुखणे चार महिने लांबावे म्हणून, हे त्या कुटुंबाला ठरवावयाचे असते. हिशेब करणे म्हणजे माया नसणे नव्हे.

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने आजवर मुख्यतः एका मापाने दिले. गाठ केवढी आहे, मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत ती पोहोचली आहे काय, आणि शरीरात अन्यत्र तिचे बीज गेले आहे काय, या तीन गोष्टींवरून रोगाची अवस्था ठरविण्याची पद्धत फ्रान्समधील शल्यविशारद पिएर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात बसविली. तीच पद्धत सुधारून आज जगभर वापरली जाते. स्वररज्जूवरील गाठ पहिल्या अवस्थेतच सापडली तर दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तीच गाठ ग्रसनीच्या तळाशी असली आणि चौथ्या अवस्थेत कळली, तर हे प्रमाण निम्म्याच्याही पुष्कळ खाली येते. अवस्थेचे माप म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. तथापि एकाच अवस्थेतील, एकाच वयाचे आणि एकच उपचार घेतलेले दोन रुग्ण पाहिले, तर त्यांतील एक दोन वर्षांत जातो आणि दुसरा पंधरा वर्षे शेती पाहतो, हा अनुभव कोणत्याही कर्करोग रुग्णालयाला नवा नाही. हा फरक कशामुळे पडतो? त्याचा सुगावा रक्तातील प्रथिनांत लागेल काय? गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनाचा मोठा ओघ या प्रश्नाकडे वळला आहे. एका साध्या सुईने काढलेल्या रक्तावरून आयुष्याचा अदमास सांगता आला, तर त्याचे मोल किती? आणि ते मोल कोणाच्या पदरात पडेल? हे दोन्ही प्रश्न केवळ वैद्यकाचे नाहीत. ते अर्थशास्त्राचेही आहेत.

यकृताची साक्ष

या संशोधनातील दोन प्रथिने अगदी जुनी आणि परिचित आहेत. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्तद्रव तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूपासून वेगळ्या काढलेल्या ‘सी’ नावाच्या एका घटकाशी या रक्तद्रवाचा संयोग होऊन साका तयार होतो, असे त्यांना दिसले. रुग्ण बरा होऊ लागला की हा गुणधर्म नाहीसा होई. यालाच पुढे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे नाव मिळाले. शरीरात कोठेही दाह उत्पन्न झाला की इंटरल्युकिन-६ सारखे निरोप यकृताकडे जातात आणि यकृत हे प्रथिन झपाट्याने तयार करू लागते. दुसरे प्रथिन अल्ब्युमिन. रक्तद्रवातील प्रथिनांत सर्वाधिक वाटा याचाच. तेही यकृतातच तयार होते. परंतु दाह चालू असताना यकृत आपले बळ दुसरीकडे वळविते आणि अल्ब्युमिनचे उत्पादन मंदावते. एक प्रथिन वाढते तेव्हा दुसरे घटते, असे हे जोडपे आहे.

कर्करोग आणि दाह यांचे नाते रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ सालीच सुचविले होते. गाठीच्या ऊतींत पांढऱ्या पेशी जमलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. या जुन्या निरीक्षणाला व्यवहारोपयोगी रूप ग्लासगो येथील डोनल्ड मॅकमिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. २००३ साली त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगासाठी एक सोपी गुणपद्धती मांडली. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन दर लिटरला १० मिलिग्रॅमहून अधिक असेल तर एक गुण, अल्ब्युमिन दर लिटरला ३५ ग्रॅमहून कमी असेल तर आणखी एक गुण. दोन गुण मिळवणारा रुग्ण, अवस्था तीच असूनही, शून्य गुणवाल्यापेक्षा सरासरीने कमी काळ जगतो. या परीक्षेत गुण जितके कमी तितके बरे. पुढे या पद्धतीत सुधारणा होऊन केवळ अल्ब्युमिन कमी असल्यास गुण देणे बंद झाले. हीच पद्धत, किंवा या दोन प्रथिनांचे परस्परप्रमाण, स्वरयंत्र, ग्रसनी व तोंड यांच्या कर्करोगांनाही अनेक देशांतील संशोधकांनी लावून पाहिले. निष्कर्षाचा रोख बहुधा एकाच दिशेने राहिला.

या चाचण्यांचे आकर्षण उघड आहे. त्यांना नवे यंत्र लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेतही त्या होतात आणि त्यांचा खर्च काही शे रुपयांच्या घरात असतो. गरीब देशाला परवडेल असे भविष्यकथन म्हणून त्यांच्याकडे पाहिले जावे, यात नवल नाही.

एका प्रथिनाची चढउतार

परंतु या क्षेत्रात आशा आणि अपेक्षाभंग यांचे अंतर किती थोडे असते, हे ऑस्टिओपॉन्टिन या तिसऱ्या प्रथिनाच्या इतिहासावरून कळते. ही हकीकत डेन्मार्कमध्ये सुरू होते आणि ती थेट घशाच्या कर्करोगाचीच आहे.

१९८६ ते १९९० या काळात डेन्मार्कमधील डॉक्टरांनी ग्रसनी आणि स्वरयंत्राचा वरचा भाग यांच्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर एक चाचणी केली. गाठीच्या आत प्राणवायू कमी पोहोचतो आणि प्राणवायूवाचून राहिलेल्या पेशी किरणोपचाराला दाद देत नाहीत, हे ज्ञात होते. निमोराझोल हे औषध अशा पेशींना किरणांपुढे दुबळे करील, ही कल्पना. अर्ध्या रुग्णांना किरणोपचारासह हे औषध दिले, उरलेल्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली. पाच वर्षांनी पाहता, औषध घेतलेल्यांपैकी ४९ टक्के रुग्णांत घसा व मान येथील रोग आटोक्यात राहिला होता. इतरांत हे प्रमाण ३३ टक्के होते. डेन्मार्कने हे औषध नित्याच्या उपचारांत घेतले.

या रुग्णांपैकी पुष्कळांचे रक्तद्रव गोठवून जपून ठेवले होते. त्या दूरदृष्टीचा उपयोग पुढे झाला. २००५ साली येन्स ओव्हरगॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२० रुग्णांच्या जपलेल्या रक्तद्रवात ऑस्टिओपॉन्टिन मोजले. हे प्रथिन प्राणवायूच्या टंचाईत वाढते असे मानले जात होते. ज्यांच्यात ते फार होते, त्यांची स्थिती केवळ किरणोपचारावर वाईट राहिली होती, आणि निमोराझोलचा लाभही मुख्यतः त्यांनाच झाला होता. ज्यांच्यात ते कमी होते त्यांना औषधाने फारसा फरक पडला नव्हता. याहून सुंदर निष्कर्ष कोणता असेल? एकच प्रथिन धोकाही सांगते आणि औषध कोणाला द्यावे हेही सांगते!

मात्र शास्त्रात एका साक्षीदारावर निकाल देत नाहीत. टिरापाझामिन या, प्राणवायू कमी असलेल्या पेशींना लक्ष्य करणाऱ्या, दुसऱ्या औषधाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतील पाचशेहून अधिक रुग्णांचे रक्त याच प्रथिनासाठी तपासले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ऑस्टिओपॉन्टिनचा ना आयुष्याशी संबंध आढळला, ना औषधाच्या लाभाशी. पुढे ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खुद्द निमोराझोलचाही अपेक्षित लाभ दिसला नाही. डेन्मार्कच्या संशोधकांनी लबाडी केली होती काय? मुळीच नाही. उपचार बदलले होते, किरणोपचारासोबत दुसरी औषधे आली होती, रुग्णांचा समुदाय वेगळा होता, आणि प्रथिन मोजणारे वेगवेगळे संच एकाच नमुन्यात वेगवेगळे आकडे दाखवीत होते. प्रथिनाचा अर्थ त्याच्या परिस्थितीवर अवलंबून होता. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. एका देशातील एका दशकाच्या आकड्यांवर बसविलेले समीकरण दुसऱ्या देशात नेले की काय होते, याचा अनुभव त्या शास्त्राने पुष्कळ घेतला आहे.

रेषा कोठे ओढायची?

याहून सूक्ष्म असा एक दोष संख्याशास्त्राच्या वापरातच दडलेला असतो. रुग्ण किती काळ जगला याचा आलेख काढण्याची सर्वमान्य रीत कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ साली दिली. अनेक कारणांचा एकत्र विचार करून प्रत्येकाचा वाटा काढण्याची रीत डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ साली दिली. साधने उत्तम आहेत. परंतु प्रथिनाचा आकडा कमी-जास्त असा सलग असतो आणि डॉक्टरांना ‘बरा’ व ‘वाईट’ असे दोनच गट हवे असतात. मग रेषा कोठे ओढायची? संशोधक निरनिराळ्या ठिकाणी रेषा ओढून पाहतो आणि जेथे दोन गटांतील अंतर सर्वांत ठळक दिसते तेथे ती कायम करतो. बाण आधी मारून मग त्याभोवती वर्तुळ काढावे, तसा हा प्रकार. डग्लस ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली या पद्धतीचे धोके स्पष्ट करून दाखविले होते. अशा रीतीने केवळ योगायोगही नियमासारखा दिसू लागतो.

दुसरा दोष प्रसिद्धीचा. ज्या अभ्यासात संबंध आढळतो तो छापला जातो. ज्यात काहीच आढळत नाही तो कपाटात राहतो. ग्रीसमधील पानायोटिस किझास आणि जॉन इओअ‍ॅनिडिस यांनी २००५ साली डोके व मान यांच्या कर्करोगातील पी-५३ या प्रथिनासंबंधीचे अभ्यास गोळा केले. हे प्रथिन रक्तातील नव्हे, गाठीतील. परंतु धडा तोच. छापलेले अभ्यास एकत्र केले तेव्हा त्या प्रथिनाचा आणि मृत्यूचा संबंध ठळक दिसला. पण मृत्यूचे आकडे ज्यांनी प्रसिद्ध केले नव्हते अशा संशोधकांकडून ते मिळवून बेरजेत घेतले, तेव्हा तो संबंध विरत गेला. याच संशोधकांनी पुढे २००५ या एका वर्षात कर्करोगाच्या भाकीतदर्शकांवर प्रसिद्ध झालेले १५७५ लेख तपासले, तर त्यांपैकी जवळजवळ सर्वांनीच काही ना काही यश सांगितले होते. ज्या शाळेत सगळीच मुले पहिली येतात, त्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर कोण विश्वास ठेवील? २००५ साली अशा अभ्यासांचे निवेदन कसे करावे याचे आंतरराष्ट्रीय नियम प्रसिद्ध झाले, ते याच पार्श्वभूमीवर. ते पाळले गेले तरच या क्षेत्रातील धान्य आणि भूस वेगळे होईल.

भाकीत आणि निर्णय

समजा, एखादे प्रथिन या साऱ्या कसोट्यांना उतरले. तरी एक मूलभूत प्रश्न राहतोच. त्या माहितीचे करावयाचे काय? अर्थशास्त्रात माहितीचे मूल्य एका साध्या कसोटीवर ठरते. ती हाती आल्याने निर्णय बदलतो काय? निर्णय बदलणार नसेल तर माहिती अचूक असूनही तिचे व्यावहारिक मूल्य शून्य. उद्या पाऊस पडणार हे कळून छत्री घेता येत असेल, तर वेधशाळेला अर्थ आहे. छत्रीच नसेल तर भिजण्याची चिंता मात्र एक दिवस आधी सुरू होते.

घशाच्या कर्करोगात निर्णय बदलण्याजोगे प्रसंग नाहीत असे नाही. सर्वांत कठीण निर्णय आवाजाचा असतो. स्वरयंत्र काढून टाकावे, की औषधे आणि किरण यांनी ते वाचविण्याचा प्रयत्न करावा? अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वरयंत्राच्या पुढारलेल्या कर्करोगाचे ३३२ रुग्ण होते. दोन्ही मार्गांनी दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ६८ टक्केच राहिले. परंतु औषधे व किरणांच्या मार्गाने गेलेल्या ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, त्या मार्गावर पुढे जायचे की शस्त्रक्रियेकडे वळायचे, हे रक्तातील आकड्यावरून ठरविले नव्हते. औषधाच्या पहिल्या दोन फेऱ्यांना गाठीने दाद दिली की नाही, यावरून ठरविले होते. कोणत्याही नव्या प्रथिनाने या प्रत्यक्ष परीक्षेपेक्षा अधिक काही सांगितले पाहिजे, तरच त्याचे स्थान.

शिवाय आयुष्याची लांबी हेच एकमेव मूल्य धरून चालणेही बरोबर नाही. बार्बरा मॅकनील आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली ३७ निरोगी व्यक्तींना, ज्यांत आगीचे बंब चालविणारे जवान होते आणि कंपन्यांचे अधिकारीही होते, हाच प्रश्न विचारला. आवाज गमावून अधिक जगण्याची संधी घ्याल, की ती काहीशी कमी करून आवाज राखाल? सुमारे २० टक्के लोकांनी आवाज पत्करला. अर्थशास्त्रातील उपयोगितेची कल्पना रुग्णालयात नेणारा हा एक आरंभीचा प्रयोग. त्याचे तात्पर्य असे की आकडा डॉक्टरांचा असला तरी पसंती रुग्णाची असते. भजनात चाळीस वर्षे गायलेल्या माणसाचा निर्णय आणि मुकाट्याने शेत राखणाऱ्याचा निर्णय एक असेलच असे नाही, आणि दोघांपैकी चूक कोणीच नसतो.

रक्तातील दर्शकाने निर्णय खरोखर बदलतो, याचे एक उदाहरण नाकामागील घशाच्या कर्करोगाचे आहे. हा रोग दक्षिण चीनमध्ये फार, महाराष्ट्रात विरळ आणि नागालँडसारख्या ईशान्येकडील प्रदेशांत पुन्हा अधिक. त्याच्या मुळाशी एप्स्टाइन-बार हा विषाणू असतो. हाँगकाँगमध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी या विषाणूची जनुकीय खूण रक्तद्रवात शोधण्याची रीत बसविली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वीस हजारांहून अधिक पुरुषांची तपासणी होऊन ३४ जणांत हा कर्करोग सापडला, आणि त्यांतील बहुतेकांत तो आरंभीच्या अवस्थेत होता. हा दर्शक प्रथिन नव्हे हे खरे. पण त्याचे बळ कशात आहे हे पाहण्यासारखे आहे. तो रोगाच्या कारणाशी जोडलेला आहे, आणि त्यातून पुढे करावयाचे कृत्य निघते.

आकडा कशाचा?

अल्ब्युमिन आणि सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन यांच्याविषयी हे म्हणता येत नाही. ही प्रथिने गाठीची नव्हेत. ती गाठ वाहणाऱ्या शरीराची आहेत. भारतातील घशाच्या कर्करोगाचा रुग्ण बहुधा विडी ओढणारा, पुष्कळदा मद्य घेणारा, आणि उशिरा येणारा असतो. मद्याने यकृत बिघडलेले असेल तर अल्ब्युमिन त्यानेही घटते. किडलेल्या दाढेत पू असेल, श्वासमार्गात अन्नकण गेल्याने फुप्फुसाला सूज असेल किंवा जुना क्षय असेल, तर सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन त्यानेही वाढते. ग्लासगोत ओढलेली रेषा सोलापूर जिल्ह्यातील रुग्णाला जशीच्या तशी लावली, तर ती कर्करोगाबरोबर त्याचे दात, त्याचे यकृत आणि त्याची फुप्फुसेही मोजणार.

यात अन्नाचा प्रश्न मिसळतो. घशात गाठ असलेल्या माणसाला आधी भाकरी गिळता येत नाही, मग भात, आणि शेवटी पाणीही. तो दवाखान्यात पोहोचतो तेव्हा कित्येक आठवडे अर्धपोटी असतो. अल्ब्युमिनचा आकडा केवळ उपासमारीचा नसतो, त्यात दाहाचाच वाटा मोठा, असे आजचे शास्त्र सांगते. परंतु दाह आणि उपासमार ही दोन्ही संकटे त्याच शरीरात एकत्र नांदत असतात, आणि दोन्हींचे मूळ पुष्कळदा उशिरात असते. रक्ताच्या अहवालावरील हा आकडा, निदान काही अंशी, चुकलेल्या महिन्यांची बेरीज असतो.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. अल्ब्युमिन कमी आहे असे ऐकताच काही कुटुंबे काही हजार रुपयांची बाटली आणून ते शिरेतून देण्याचा आग्रह धरतात. अहवालावरील आकडा त्याने चार दिवस सुधारतो, आयुष्य सुधारत नाही. तापमापक थंड पाण्यात बुडविल्याने ताप उतरत नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक विचार मांडला होता. एखाद्या मापालाच धोरणाचे लक्ष्य केले की ते चांगले माप राहत नाही. तो विचार बँकांइतकाच रुग्णशय्येलाही लागू आहे. त्याच पैशात नाकातून घातलेल्या नळीने काही आठवडे पातळ आहार देता येतो, दात दुरुस्त करता येतात, आणि किरणोपचाराचे वेळापत्रक न मोडता पुरे करता येते. आकडा त्याने कदाचित सावकाश हलेल, पण रुग्णाच्या अंगात बळ येईल.

सरासरी आणि माणूस

भाकिताच्या आकड्याची आणखी एक मर्यादा स्टीफन जे गूल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने स्वतःच्या अनुभवातून सांगितली होती. १९८२ साली त्यांना उदरपटलाचा एक दुर्धर कर्करोग झाला. त्या रोगात निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने असल्याचे त्यांनी वाचले. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याच्या आत जातात आणि निम्मे त्याच्यापुढे जगतात. पुढे जगणाऱ्यांची रांग किती लांब जाते हे मध्यक सांगत नाही, हे त्यांनी संख्याशास्त्र जाणत असल्याने ताडले आणि १९८५ साली त्यावर निबंध लिहिला. ते २००२ सालापर्यंत जगले. प्रत्येक रुग्ण गूल्ड नसतो, आणि या उदाहरणावरून खोटी आशा देणेही अयोग्य. परंतु गटाविषयीचे विधान व्यक्तीविषयीचा निकाल म्हणून ऐकवणे हे शास्त्राच्या नावाने शास्त्राचाच भंग करणे आहे.

त्यातही हा आकडा रोगाचा एकट्याचा नसतो. तो रोग आणि त्या काळचा उपचार या जोडीचा असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या, बरा होण्यापलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०२२-२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तोंडाने घ्यावयाच्या स्वस्त औषधांना निव्होलुमॅब या महागड्या औषधाची, दर तीन आठवड्यांनी अवघी २० मिलिग्रॅमची, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या एक-दशांशाहूनही कमी अशी जोड दिली. एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. या चाचणीच्या आधी ज्या रुग्णाचे भाकीत कोणी वर्तविले असते, ते या चाचणीनंतर खोटे ठरले असते. त्याच्या रक्तात काही बदलले नव्हते. त्याला परवडणारे औषध बदलले होते.

कोणाच्या हाती?

म्हणूनच रक्तप्रथिनांच्या संशोधनाकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही, पण ते कोणाच्या हाती आणि कशासाठी जाते यावर नजर ठेवण्याचे कारण निश्चित आहे. दोन गुण मिळालेल्या रुग्णाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एक दृष्टी म्हणते, याला उपचार सोसणे कठीण जाईल, तेव्हा याच्या आहाराकडे, दातांकडे आणि जंतुसंसर्गाकडे उपचार सुरू होण्यापूर्वीच अधिक लक्ष द्या. दुसरी दृष्टी म्हणते, हा फार जगणार नाही, तेव्हा खाट दुसऱ्याला द्या. आकडा एकच, पण पहिल्या दृष्टीत तो साहाय्याची हाक असतो आणि दुसरीत नकाराचे निमित्त. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. जेथे पैसा सार्वजनिक आणि मागणी अपार, तेथे स्वस्तात वाटप करून देणारा आकडा प्रशासनाला मोह घालणारच. दुर्बल शरीर हे ज्या समाजात पुष्कळदा गरिबीचेच दुसरे नाव असते, तेथे हा आकडा नकारासाठी वापरणे म्हणजे गरिबीला गरिबीचीच शिक्षा देणे होय. भाकीतदर्शकांचा उपयोग उपचार वाढविण्यासाठी व्हावा, रुग्णाला वगळण्यासाठी होऊ नये, असा स्पष्ट नियम आरोग्य योजनांत आधीच घालून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

दुसरी गरज स्वदेशी पुराव्याची. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९८७ साली बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. २०१२ साली देशभरच्या कर्करोग रुग्णालयांना जोडणारी राष्ट्रीय कर्करोग साखळी उभी राहिली. डेन्मार्कने जसे रुग्णांचे रक्तद्रव पंधरा वर्षे जपले, तसे या संस्थांच्या आधारे येथील रुग्णांचे नमुने आणि त्यांच्या पुढील आयुष्याच्या नोंदी जपल्या गेल्या, तर सोलापूरची रेषा सोलापुरातच ओढता येईल.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत साधी आहे. बार्शीच्या नोंदणीसाठी कार्यकर्ते गावोगाव फिरले, त्यांनी लोकांशी कर्करोगाच्या लक्षणांविषयी बोलणे केले, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. त्यासाठी कोणतेही प्रथिन मोजावे लागले नव्हते. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला, गिळताना सतत अडू लागले किंवा मानेत न दुखणारी गाठ आली, तर घसा तपासून घ्यावा, एवढे वाक्य प्रत्येक गावात पोहोचले तर त्याचे मोल अनेक दर्शकांहून अधिक होईल. भारतातील २६ कोटींहून अधिक प्रौढ तंबाखू वापरतात, असे २०१६-१७ च्या पाहणीत आढळले होते. या आकड्यासमोर रक्ताच्या थेंबातील आकडा नम्रच राहिला पाहिजे.

बाहेरच्या बाकावर बसलेल्या रुग्णाच्या भावाला अखेर काय सांगायचे, हा प्रश्न उरतो. प्रामाणिक डॉक्टर त्याला अवस्था सांगेल, शक्यता सांगेल, खर्च सांगेल, आणि रक्ताचा अहवाल वाईट असेल तर तोही सांगेल. परंतु त्याच वेळी अहवालातील कोणती गोष्ट बदलता येण्याजोगी आहे, हेही त्याने सांगितले पाहिजे. आणि मग बाकावरच्या माणसाला आत बोलावले पाहिजे. हिशेब ज्याच्या आयुष्याचा, तो त्याच्या समोर झालेला बरा.